नावाच्या शेवटी काय येतं

आमच्या भागातल्या कुठल्याही मुलीचं नुसतं नाव सांगा, ती साधारण कोणत्या सालच्या आसपास जन्मली असेल हे मी बरंचसं बरोबर सांगू शकते. मी अमरावती जिल्ह्यातल्या मोर्शी तालुक्यात एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते आणि शाळेचं दाखल-खारीज रजिस्टर कितीतरी वेळा माझ्या हातातून गेलंय. शाळेत आलेल्या प्रत्येक पोराचं नाव, जन्मतारीख, बापाचा धंदा, शाळा सोडल्याचं कारण, सगळं त्यात असतं. सगळ्यात जुनं रजिस्टर कापडी बांधणीचं आहे, कडा वाळवीनं खाल्ल्यात, शाई तपकिरी झालीय, पण गुरुजींचं अक्षर असं की एकेक वेलांटी वेगळी वाचता येते. सुरुवातीच्या पानांवर मुली कमीच. ज्या आहेत त्यांची नावं मात्र वाचत राहावी अशी. चंद्रकला, शशिकला, इंद्रकला, शांतकला, अंतकला, मधूनच एखादी शेवंता, पंचफुला, अनुसया, भागरता.

पुढची पानं उलटत गेलं की शेवट बदलतो. वंदना, रंजना, कल्पना, अर्चना. मग सुनीता, अनिता, संगीता, कविता, सविता यांचा एक मोठा घोळका. मग वैशाली, रूपाली, सोनाली, दीपाली, त्यांच्या मागंपुढं जयश्री, राजश्री, भाग्यश्री. माझ्या आत्ताच्या हजेरीत तन्वी, अन्वी, शान्वी आहेत, जान्हवी तर दर वर्षी असतेच, आणि अंगणवाडीतून जी पोरं वर येताहेत त्यांच्यात मायरा, आयरा, कियारा. वर्ग तोच, खिडकीबाहेरचं लिंबाचं झाड तेच, फक्त हजेरी घेताना नावाच्या शेवटाला जीभ वेगळी वळते.

मला असं दिसलंय की आईबाप नाव निवडताना खरं तर नावाचा शेवटच आधी निवडतात, त्यांच्या लक्षात येत नाही एवढंच. शेजारच्या घरी दीपाली झाली, कानाला ते गोड लागलं, मग आपल्या घरी रूपाली. पुढचं अक्षर बदलायचं, मागचा सूर तसाच ठेवायचा. एकाच घरातल्या बहिणी मंदा, कुंदा, नंदा अशा असायच्याच की. आणि ही काही आजकालची हौस नाही, महाभारतात आपल्या विदर्भाच्या भीमराजाला दमन ऋषींच्या वरानं मुलं झाली त्यांची नावं बघा, दमयंती, दम, दांत, दमन. राजवाड्यातही तेच आणि आमच्या वाड्यातही तेच.

हे सगळं डोक्यात फिरायला लागलं कारण माझ्या लहान भावाला मुलगी झाली. पुनर्वसू नक्षत्र, चौथा चरण, नावाचं अक्षर ‘ही’ निघालं. पुनर्वसूची चार अक्षरं के, को, हा, ही, त्यातलं शेवटचं आमच्या वाट्याला आलं. आणि बारशाला नाव ठेवायचा मान आत्याचा. पाळण्याखालून वरून बाळ फिरवताना कुणी गोविंद घ्या कुणी गोपाळ घ्या झालं की कानात कुर्र्र करून नाव सांगणारी मी, आणि मागून पाठीत धपाटे खाणारी पण मीच. मला त्या मानाचं फार वाटतं, खरंच फार. एखाद्या माणसाला जन्मभर ज्या आवाजानं हाक मारली जाणार तो आवाज आपल्या तोंडून पहिल्यांदा बाहेर पडणार, याच्याहून मोठं काम मला तरी माहीत नाही.

भावजयीनं मोबाईलमधून यादी काढून ठेवली होती. हितांशी, हिशिता, हिमान्वी, हियारा, अशी बरीच. ऐकायला वाईट एकही नाही. पण त्यातल्या कितीतरी नावांसमोर जो अर्थ लिहिलेला होता, देवी लक्ष्मी नाहीतर सूर्याचा किरण, तो मी घरातल्या शब्दकोशात शोधला तर तसा शब्दच सापडेना. भावजय म्हणाली, ताई अर्थाचं जाऊ द्या, मले फक्त येगळं नाव पाह्यजे, वर्गात दुसरी कोनी नको त्या नावाची. हे मला पटलं. माझ्या वर्गात एका वर्षी आरोही तिघी होत्या, त्यांना आरोही मोठी, आरोही गोरी, आरोही चष्मावाली अशा हाका पडायला लागल्या आणि मधल्या पोरीनं एक दिवस घरी जाऊन नाव बदलून द्या म्हणून रडून गोंधळ घातला. पोरीचं नाव तिचं एकटीचं असावं असं आईला वाटणं काही चुकीचं नाही. फक्त वेगळं नाव शोधायला सगळे जिथं जातात तिथंच गेलं तर ते वेगळं राहणार कसं, हा माझा प्रश्न होता.

मी एक गोष्ट करून पाहिली. यादीतलं एकेक नाव अंगणात उभं राहून मोठ्यांदा हाक मारून बघितलं. आमच्याकडे हाक ही मोठी गोष्ट आहे. वावर लांब, संत्र्याची बाग दाट, समोरचा माणूस झाडाआड दिसत नाही, नुसता आवाज पोहोचवावा लागतो. मराठीत पुरुषांच्या नावाचा शेवटचा अ आपण गिळून टाकतो, राम, विठ्ठल, गजानन, तोंड तिथं बंदच होतं, म्हणून हाक मारताना रामाऽ नाहीतर गजाननाऽ असं काहीतरी मागं जोडावं लागतं. बायकांच्या नावांचं तसं नाही. त्यांच्या शेवटी आधीच आ नाहीतर ई बसलेली असते, लांबवायला तयार. त्यातही आ ला तोंड पूर्ण उघडतं, आवाज भरून बाहेर पडतो, ई बारीक आणि चिरकी जाते पण तीसुद्धा जाते. शशिकलाऽऽ म्हणून बघा कधी मोकळ्यावर जाऊन, शशि पाशी श्वास घ्यायला जागा मिळते आणि ‘ला’वर वाटेल तितका वेळ थांबता येतं. जुन्या बायकांनी हे काही शिकून केलेलं नव्हतं, रोज हाका मारून मारून त्यांच्या कानालाच ते कळत होतं असं मला वाटतं. न्वी मध्ये मात्र न आणि व एकमेकाला चिकटतात, ओठ मिटायला येतात आणि हाक तिथंच अडते, म्हणून तर आमच्याकडे तन्वीची तनवी होते. भाऊ ओट्यावर बसून हे सगळं ऐकत होता. तो म्हणाला, आता कोन हाका मारते वो, फोन करते सारे. बरोबर आहे त्याचं. पण बाळाला फोन येईपर्यंत दहाबारा वर्षं जातात ना, तोवर आई घरातून, आजी ओट्यावरून आणि आम्ही मास्तरणी वर्गातून हाकाच मारणार आहोत.

मनातून मला कला परत आणायची होती. हीराकला, असं काहीतरी. त्याला कारण माझी आजी.

आजीचं माहेरचं नाव इंद्रकला. लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीनं नवं नाव लिहिलं गेलं, सरस्वती, आणि इंद्रकला त्या ताटातच राहिली. पुढं पोरं झाली तशी सरस्वतीसुद्धा मागं पडली, गावात ती अमक्याची माय. आम्हाला नातवंडांना तिचं पहिलं नाव कितीतरी वर्षं माहीतच नव्हतं. एकदा तिची धाकटी बहीण बऱ्याच वर्षांनी आली. आजी मागच्या अंगणात तूर पाखडत बसलेली, सुपाचा ठेका चालू, पुढून फाटकातूनच मावशीआजीनं हाक दिली, इंद्रकलाऽऽ. सूप थांबलं. आजीनं ते खाली ठेवलं नाही, हातातच धरून उठली, अर्धी तूर अंगणात सांडली, तिला पत्ता नाही, आणि ज्या बाईला आम्ही गुडघ्यावर हात ठेवल्याशिवाय उठताना कधी पाहिलं नव्हतं ती घरातून जवळजवळ पळत समोर गेली. तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की आमच्या सगळ्यांच्या आधी ही कुणीतरी होती आणि तिला बोलवायला एक वेगळाच आवाज होता.

त्या दोन नावांनी तिला म्हातारपणी भोगायला पण लावलं. माहेरच्या शाळेच्या दाखल्यावर इंद्रकला, राशन कार्डावर सरस्वती, एका कागदावर सरसोती, आणि आजोबा गेल्यावर जेव्हा कागदपत्रं जुळवायची वेळ आली तेव्हा एका कार्यालयात तिला विचारलं गेलं की तुम्ही ह्याच बाई आहात कशावरून. प्रतिज्ञापत्र करा, दोन साक्षीदार आणा, परत या. ऐंशीच्या पुढची बाई एसटीनं जाऊन आपण आपणच आहोत हे सांगत होती. मला आजही त्याचा राग येतो. नावं बदलणारे वेगळे, कागद मागणारे वेगळे, आणि मध्ये उभी ती एकटी.

आणि हे आपल्याच मातीत, जिथं दीड हजार वर्षांपूर्वी एका राणीनं वेगळं काहीतरी केलं होतं. वाकाटकांची राणी प्रभावतीगुप्त, दुसऱ्या चंद्रगुप्ताची मुलगी, रामटेकजवळच्या नंदिवर्धनाला सून म्हणून आली. नवरा रुद्रसेन लवकर गेला, मुलं लहान, राज्य तिनं चालवलं, आणि तिच्या ताम्रपटांत ती स्वतःचा उल्लेख सासरच्या गोत्रानं करत नाही, बापाच्या धारण गोत्रानं करते. त्यातला एक ताम्रपट सापडला आमच्या तालुक्यातल्या रिद्धपूरला. प्रभावती, इंदुमती, दमयंती, विदर्भाच्या राजघराण्यातल्या या बायकांच्या नावांत ती ‘ती’ किती ठसठशीत येते बघा. कालिदासानं जिचं स्वयंवर रंगवलं ती अजराजाची इंदुमती पण आपल्याकडचीच. माझ्या आईच्या पिढीपर्यंत कलावती, लीलावती, प्रभावती गावोगाव होत्या. आता वर्गात एक नाही.

रिद्धपूर आमच्याकडे मोठं ठिकाण. महानुभाव पंथाची काशी म्हणतात त्याला. चक्रधरस्वामींचे गुरू श्रीगोविंदप्रभू तिथं राहिले, म्हाइंभटांनी चक्रधरस्वामींच्या आठवणींचं लीळाचरित्र तिथंच सिद्ध केलं, शके १२०० च्या सुमारास, म्हणजे १२७८ च्या आसपास, आणि आता मराठी भाषेचं विद्यापीठही तिथं सुरू झालंय. आमचं घर महानुभाव नाही, पण शेजारी आहेत, त्यांच्याकडे जाणं येणं लहानपणापासूनचं, काळे कपडे घातलेल्या बाया यायच्या, त्यांच्या तोंडी सूत्रं ऐकलेली. नावाच्या नादात मी पुन्हा लीळाचरित्र काढून बसले, यावेळी लीळा वाचायला नव्हे तर त्यातल्या बायका शोधायला, आणि पान उलटेल तिथं त्याच शेवटाची नावं भेटायला लागली. महदाइसा. उमाइसा. आबाइसा. देमाइसा. नुसती बाइसा. आउसा.

मी ती मोठ्यानं वाचत गेले. आइसा. आ वर तोंड उघडतं, इ वर आवाज जरासा वर जातो आणि सा वर येऊन पुन्हा मोकळा होतो. तीन पावलं. हाकेला तर इतकं सुंदर की मी अंगणात जाऊन उमाइसाऽऽ म्हटलं आणि पलीकडच्या घरातून कुणीतरी डोकावलंच. सातशे वर्षांहून जुनी नावं, पण आत्ताच्या अनिशा, तनिशाच्या रांगेत उभी केली तर कुणाला जुनी वाटणार नाहीत. कुठल्याच यादीत नाहीत, कुठल्याच वर्गात नाहीत, आणि घरापासून थोड्याच अंतरावरची.

बरं, या बायका कोण होत्या हे बघा. महदाइसा, जिला आपण शाळेत महदंबा म्हणून शिकतो, मराठीतली आद्य कवयित्री. गोविंदप्रभूंच्या लग्नाचा उत्सव मांडला तेव्हा तिनं धवळे, म्हणजे लग्नाची गाणी, रचून गायले, आणि विषय कोणता घेतला तर रुक्मिणीच्या स्वयंवराचा, म्हणजे पुन्हा आमच्याच जिल्ह्यातल्या वर्धाकाठच्या कौंडिण्यपूरच्या लेकीचा. महदाइसा नेहमी प्रश्न विचारायची आणि चक्रधरस्वामींना तिच्या विचारण्याचं कौतुक होतं. पुढं पंथाचे आचार्य नागदेवाचार्यांनी आपले शिष्य केशोबास यांना संस्कृतात लिहू नको म्हणून अडवलं, कारण तसं झालं तर आपल्या म्हाताऱ्या बायका त्याला मुकतील, हे वाचलं की मला दर वेळी भरून येतं. एवढ्या जुन्या काळात कुणीतरी म्हाताऱ्या बायकांना समजावं म्हणून भाषा ठरवत होतं!

आणि हिराइसा. महानुभाव परंपरा सांगते की खिलजीच्या फौजांच्या धाडीत लीळाचरित्राची मूळ पोथी हरवली, तेव्हा हिराइसेला ते पाठ होतं. एक वेळ ऐकलं की लक्षात राहायचं अशी तिची ख्याती. पोथी गेली पण पोथी जिच्या तोंडात होती ती बाई राहिली, आणि तिच्या आठवणीवरून ती पुन्हा लिहिली गेली. आज मराठीतला पहिला गद्य ग्रंथ म्हणून आपण ज्याचं नाव घेतो तो आपल्यापर्यंत यायला तिच्यासारख्यांचं पाठांतर कामी आलं.

नाव माझ्यासमोर होतं. आणि ‘हि’ पासून. हीराकलेचा माझा हट्ट मी तिथंच सोडून दिला.

घरी सांगितलं तेव्हा भाऊ म्हणाला, हे तं आयेशासारखं वाट्टे. म्हटलं वाटू दे की, माझ्या वर्गात आयेशा आहे आणि तिचं नाव घेताना मला रोज छान वाटतं, एक गोड आवाज दोन घरांत असला तर बिघडलं काय. आई म्हणाली, लोक काय म्हनतीन, महानुभाव झाले काय म्हनतीन. शेजारच्या काकू तिथंच बसल्या होत्या, त्या म्हणाल्या, म्हनू द्या ना वो, नाव ठेवाले कोनाची परवानगी लागते काय. भावजय काही बोलली नाही. तिनं बाळाला मांडीवर घेतलं आणि हळूच दोनतीन वेळा म्हणून पाहिलं, हिराइसा, हिराइसा, मग जरा झुलवत, हिरा, हिरू, आणि मग मला म्हणाली, लाडानं पन बोलता येते. आईनं स्वतः तोंडात घोळवून बघितल्याशिवाय कुठलंही नाव ठेवू नये असं माझं स्पष्ट मत आहे. आत्याचा मान खरा, पण हाका तिला मारायच्या असतात.

आजीला नीट ऐकू येत नाही आता. तिच्या कानाशी जाऊन सांगितलं. कोन ठेवलं म्हने, मी म्हटलं मी. हिराबाईवानी हाय, चांगलं हाय, म्हणाली, आणि मग जरा वेळानं, लग्नात बदलजा नका बाप्पा.

तेवढं एक वाक्य मी भावाला आणि भावजयीला दोघांना समोर बसवून पुन्हा सांगितलं.

नावात आणखी एक गोष्ट जुळली. १ मे २०२४ किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर आता मुलाचं नाव, मग आईचं, मग वडलांचं, मग आडनाव असा क्रम लिहायचा असतो. भावजयीचं नाव सविता. म्हणजे शाळेत हजेरी होईल तेव्हा हिराइसा सविता असं एका दमात म्हटलं जाणार, सा ला लागूनच स येतो, म्हणताना जीभ कुठंच अडखळत नाही. नाव ठेवताना हल्ली हेही बघायला पाहिजे, आईच्या नावाला आपला शेवट जाऊन कसा भिडतो ते. माझ्या ओळखीत ज्यांच्या घरी बाळ आहे त्यांना मी हे सांगत असते. अजून एक सांगते, घाई करू नका. जन्माची नोंद एकवीस दिवसांत करायची असते पण नाव त्यात लगेच घालावंच लागतं असं नाही. एक वर्षापर्यंत फी न भरता घालता येतं आणि त्याच्या पुढंही पंधरा वर्षांपर्यंत उशिराची फी भरून. बारशाची तारीख आली म्हणून यादीतलं पहिलं नाव उचलणारे बरेच बघितलेत मी, आणि पुढं पोरगी पाचवीत आली की नाव बदलायला आमच्याकडेच येतात.

नाव घाईनं ठेवण्याहून वाईट एकच गोष्ट, नाव नकोसं म्हणून ठेवणं. साताऱ्याकडे नकुसा, नकोशी नावाच्या मुली होत्या, मुलगा हवा असताना झालेल्या. २०११ मध्ये तिथल्या जिल्हा परिषदेनं शोध घेऊन अडीचशेच्या वर मुलींना नवी नावं दिली. आमच्या जुन्या रजिस्टरात नकुसा मला सापडली नाही. पण बेबी सापडतात, कितीतरी, नुसत्याच बेबी. घरात चौथी पाचवी झाली, नाव ठेवायचा उत्साह कुणाला राहिला नाही, दवाखान्यातलं बेबी तसंच शाळेत आलं आणि तसंच लग्नाच्या पत्रिकेवर गेलं. त्या बायका आता साठीत आहेत, बचत गटात भेटतात. त्यातल्या एकीला मी विचारलं होतं, तुम्हाला दुसरं नाव हवं होतं का. तर ती लगेच म्हणाली, चंद्रकला. माझ्या मोठ्या बहिनीचं होतं, मले लय आवडे.

बारसं झालं, घुगऱ्या वाटल्या, मी कानात नाव सांगितलं आणि धपाटे पण जोरात पडले. बायकांनी पाळणा म्हणताना नाव गुंफलं तर ते ओळीत आपोआप बसलं, कुठं ओढाताण करावी लागली नाही. नोंदीच्या खिडकीवर मात्र भावाला हिरा आणि इसा ही दोन नावं आहेत का म्हणून विचारलं, त्यानं एकच आहे म्हणून कागदावर मोठ्या अक्षरात लिहून दिलं.

आता गल्लीतली एक जण महिन्याभरात बाळंत होणार आहे. ती परवा येऊन बसली, म्हणाली मॅडम आमच्यासाठी पन त्याच्यातलंच एखादं काढून ठेवा ना. मी म्हटलं आधी अक्षर तर निघू दे. तिला धीर नाही. म्हटलं बरं, मग रेवतीचा पहिला चरण निघाला आणि ‘दे’ आलं तर देमाइसा, उ आलं तर उमाइसा, म आलं तर महदाइसा आहेच. आणि मुलगा झाला तर, तिनं विचारलं. मुलाचं मुलाची आत्या बघेल, मी म्हटलं, मला सध्या मुलींचीच नावं पुरी करायची आहेत.